पाण्याच्या डोक्यावर

त्या आठवड्यात ट्रक आलाच नाही.
टुकुयूच्या उतारावरल्या आमच्या बागेत
रात्रभर फळं पडत राहिली.
धप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग धप्प.
माझी बायको सुबिलागा अंधारात मोजत होती.
एकोणचाळीसला थांबली. म्हणाली,
आता मोजलं तर रडू येईल.

दलाल फोनवर फार गोड बोलला:
बंदरात भाव बसलाय, अम्बाकिस्ये,
आणि तुमची पाराचिची
(तुम्ही अव्होकाडो म्हणता, तीच)
थोडी लहान आहेत, थोडी डागाळलेली,
थोडी उशिराची.
थोडी थोडी करत त्यानं अकरा पोती नाकारली.

शेजाऱ्यांना वाटली.
त्यांच्याकडेही तीच होती,
त्यांनी ती आम्हालाच परत आणून दिली, वर आभार.
चर्चच्या पायरीवर ठेवलेली टोपली
रविवार ते रविवार तिथंच.
मी खड्डा खणायला घेतला.

थांब, सुबिलागा म्हणाली.
कायेलाची तिची मावशी
तेलताडाचं तेल काढायची म्हणे
नुसत्या गरम पाण्यावर.
ताडाला जमतं ते हिला का जमू नये?

पहिला हंडा आम्ही हावऱ्यासारखा उकळला.
लाकडं सारली, जाळ हंड्याच्या गळ्याशी.
हाती आली तपकिरी खळ,
कडू,
कुत्र्यानं हुंगली आणि आमच्याकडे बघितलं.
मी पुन्हा फावडं उचललं.
ती काही बोलली नाही,
तीन दगडांमधून एक लाकूड मागं ओढलं,
मग आणखी एक.

दुसऱ्या हंड्याला तिनं उकळूच दिलं नाही.
पाणी फक्त थरथरतं ठेवलं.
उखळात ठेचलेला गर, चिमूटभर मीठ,
आणि लाकडी कालथा असा सावकाश
की झोपलेल्या तापकऱ्याच्या
पाठीवरून हात फिरावा.
दुपार गेली.
रुंग्वेच्या डोंगरावरून धुकं उतरलं,
अंगणात आलं, वाफेत शिरलं,
कुठलं कुणाचं कळेना.

मग केव्हातरी गराची मूठ सैल झाली.
गाळ खाली बसला, मध्ये पाणी,
आणि पाण्याच्या डोक्यावर
एक हिरवा डोळा.
मग दुसरा.
तुपोकिग्वेनं बोट पुढं केलं, चापट खाल्ली,
तरी ते बोट तिनं चाटलंच.

सुबिलागा पळीनं उचलत राहिली,
थोडं, थोडं.
छोट्या कढईत पुन्हा तापवलं,
चुरचुर थांबेपर्यंत;
चुरचुर थांबली की पाणी गेलं.

सहा बादल्या फळं, सोड्याची दीड बाटली.
मी मनात मांडून बघितलं:
लाकूड, दिवस, दोघांचे खांदे.
हिशेबात हे बसत नाही
आणि मी तसं तिला बोललोही.
तिनं माझ्यापुढं तळलेली हिरवी केळी ठेवली.
मी ओठ पुसायचे विसरलो.

चोथा माझ्या खड्ड्यात गेला,
वर केळीचं एक रोप लावलं.
म्हणजे खणणं अगदीच वाया गेलं नाही,
हे मी दोनदा सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

रात्री दिवा मालवला.
बाटली खिडकीत,
तिच्या तळाशी अजून जरा गढूळ.
बाहेर
धप्प.

चाळीस, ती म्हणाली.