पाव उणा

फळ्यावर मी एक छेद पाच लिहिलं,
शेजारी एक छेद आठ.
पाचवी ब, सदतीस पोरं, दुपारचे तीन,
खिचडी अंगात उतरलेली.
विचारलं, मोठं कोण?
"आठ!"
सगळा वर्ग एका सुरात,
जणू खासबागेत निकाली कुस्ती झालीय.

आठ पाचापेक्षा मोठा, यात त्यांची चूक काय?
चार वर्षं आम्हीच घोकून घेतलंय.
मी कागदाच्या घड्या घातल्या,
खडूनं भाकरी काढली, तुकडे रंगवले.
घंटा झाली. आठच मोठा राहिला.

संध्याकाळी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
मल्लाप्पा गवळी गुडघ्यात चरवी धरून धार काढतोय,
आणि पैसे घ्यायला शिवलीला,
वर्गात तिसऱ्या बाकावर तोंड न उघडणारी.
शेवटची म्हैस.
आम्ही पाच जण थांबलेलो.
तेवढ्यात तालमीतनं तिघं आले, अंगाला तांबडी माती,
"आमालाबी घाला की, मल्लूआण्णा."
आम्ही पाचांनी मागं वळून पाहिलं.
त्या पाहण्यात अख्खं प्रकरण होतं.
शिवलीला हसली,
"आठ झाले बाई. आता वाटा बारका हुतोय."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम अवघड घातलं:
दोन छेद तीन, की तीन छेद चार?
समच्छेद अजून शिकवलेलाच नव्हता.
ती उठली. "मी सांगतो बाई."
(इथल्या मुली अशाच बोलतात, मी येतो, मी जातो.
ते व्याकरणाच्या तासाला बघू.)
"भरलेलं बघू नका. रिकामं बघा.
गिऱ्हाईक तेच बघतंय.
एक ग्लास तिसरा हिस्सा रिकामा,
दुसरा चौथा हिस्सा.
तिसरा हिस्सा मोठा, म्हंजे त्यात जास्त रिकामं.
मग पाऊणवालाच जास्त भरलेला, न्हवं?"

पाऊण.
पाव ऊन. पाव उणा.
शब्दातच उणीव मोजून ठेवलेली,
आणि मी वीस वर्षं पावणेसातची बस धरतेय,
घड्याळाकडं बघत.
वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी,
पावकी, निमकी, पाऊणकी त्यांच्या जिभेवर असायची.
मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

"पण ग्लास सारखंच पायजेत," मागून मुजम्मिल बागवान,
"तांब्यातलं अर्धं आणि वाटीतलं अर्धं एक न्हाई.
आणि बाई, फेस धरायचा न्हाई!"
वर्ग फुटला.
शिवलीला लाल झाली,
"आमच्यात फेस बसल्यावरच मापतात!"
त्या भांडणात मी फळा पुसला नाही.
त्याच्या वाक्याखाली रेघ ओढावी
असं ते वाक्य होतं.

घटक चाचणीत तोच प्रश्न.
सदतीसातल्या अकरांनी आठच मोठा लिहिला.
सदतीसातले अकरा,
म्हणजे पाव वर्गाहून जास्त,
तिसऱ्या हिश्श्याहून कमी.
मुख्याध्यापक म्हणाले, बरा आहे की निकाल.
बरा आहे.
मी स्टाफरूममध्ये बसून
त्या अकरांची नावं एका कागदावर उतरवली,
आणि पिशवीत चरवी आहे ना, ते पाहिलं.