उतरायला

चौघी अड्ड्यावर आल्या, पाठीला दप्तरं तशीच.
"मामा, शनवारी गाडी पायजे. सेंडॉफ हाय आमचा."
कुठनं कुठं?
"बेकिनकेऱ्यातनं उचगाव. हायस्कूलच्या दारात."

मला हसू आलं.
रोज चालत जाता की गं एवढं,
बांधाबांधानं, रताळ्याच्या वेलांत पाय अडकवत.
गाडी कशाला?

तरळ्यांची रेणू म्हणाली, "उतरायला."

पंधरा वर्षं झाली स्टेअरिंग धरून.
नवरे नेले, बाळंतिणी नेल्या,
सौंदत्तीच्या डोंगरावर देवीची माणसं नेली,
एकदा मिरजेहून मयत आणलं, रातोरात, क्लीनरशिवाय.
सगळ्यांना कुठंतरी पोचायचं होतं.
नुसतं उतरायचं भाडं
पहिल्यांदाच ऐकलं.

बाराशे म्हटलं.
रुमालाची गाठ सुटली. नऊशे साठ.
"दसऱ्याच्या सुट्टीत रताळी काढायला गेलतो," शकीला मुल्ला म्हणाली,
आणि दहाच्या नोटा सरळ करत बसली
माझ्या बॉनेटवर.
बरं, म्हटलं. चारला येतो.
हिंडलग्याची अक्षता आटपली की तसाच.

तसाच गेलो.
बॉनेटवर शेवंतीच्या माळा, काचेवर शुभविवाह,
आरशाला लाल रिबीन.
चौघी स्टॉपवर उभ्या होत्या, पाटीखाली.
(पाटीवर एका लिपीला डांबर फासलंय.
कुठल्या, ते विचारू नका, दरवर्षी बदलतं.)
आयांच्या साड्या, मावशीचं ब्लाऊज,
खांद्यावर एवढ्या पिना की हात वर होईना.

तिघी बसल्या. कस्तुरी बसेना.
"आधी फुलं काढा, मामा."
अगं, शोभतंय की.
"सुट्टीत बसायचंच हाय मला असल्या गाडीत.
आज नको."

आतल्या तिघी एकदम
आपापल्या बांगड्या मोजायला लागल्या.

काढली.
चिकटपट्टीबरोबर बॉनेटचा रंगही निघाला रुपयाएवढा.
माळा स्टॉपच्या कट्ट्यावर ठेवल्या,
तर कुणाची तरी शेळी आली, आणि शेवंतीपासून सुरुवात केली.
तेव्हा कुठं कस्तुरी हसली.

मग दुसऱ्या गिअरमध्ये, सगळी वाट.
काचा खाली, माणसांनी बघायला पायजे म्हणून.
काचा वर, धुरळा आला म्हणून.
परत खाली.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, बाजू देईना,
एरवी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.
आज म्हटलं, चालू दे बाबा, सावकाश चालू दे.
मळेकरणीच्या राईपाशी रेणूनं हात जोडले,
मी हॉर्न दिला. देवीला की पोरींना, कुणास ठाऊक.

शाळेच्या दारात
भिंतीवर बसलेली पोरं गप्प झाली.
मी खाली उतरलो आणि मागचं दार उघडलं.
नवरदेवालाही कधी उघडून दिलं नव्हतं.

रेणू उतरली. शकीला उतरली, चप्पल हातात धरून, मग घालून.
चौगुल्यांची दीपा उतरली, नि लगेच परत चढली,
फोटो नीट आला नाही म्हणे; परत उतरली.
कस्तुरीनं एक पाय मातीवर टेकवला
आणि थांबली.
साडी अडकली असं वाटलं मला.
अडकली नव्हती.
ती नुसती थांबली होती, एक पाय आत, एक बाहेर,
आणि कुणालाच घाई नव्हती.

मग उतरली. दार तिनंच लावलं.
पहिल्यांदा लागलं नाही.
दुसऱ्यांदा असं आपटलं की शिपाई वळून बघायला लागला.

परत न्यायला येऊ काय गं?
"नको. चालत येतो."

एप्रिलात तिच्या बापाचा फोन आला.
एकवीस मे, दिवसभर, फुलांसकट, किती घेणार?
गाडी बुक हाय, म्हटलं.

नव्हती.
एकवीसला दिवसभर दारात उभी होती, धुतलेली,
आणि बॉनेटवरचा तो रुपया
उन्हात चमकत होता.