चाकं धरून सव्वीस

लिव्हरपूलला चारलाच अंधारलंय.
ग्लेनिस शिवणाच्या टेपनं बॅग मोजते.
चाळीस, वीस, पंचवीस.
चाकं धरून सव्वीस.
"मग काढ चाकं," कॉल्म म्हणतो
कांदा परतता परतता.

तिकीट एकोणीस पाउंड.
शेजारी-शेजारी बसायचं तर वर अठरा.
बावीस वर्षं एका पलंगावर झोपतोय,
अडीच तास लांब बसलो तर काय बिघडतं?
तरी त्या रकान्यावर
तिचं बोट जरा रेंगाळतंच.

व्हिल्निअसमध्ये काय आहे, दोघांनाही ठाऊक नाही.
सगळ्यांत स्वस्त तेच निघालं.
उणे नऊ असेल.
बीटचं गुलाबी सूप मिळतं,
पण ते म्हणे उन्हाळ्यात.

विमान पहाटे सहा दहाचं,
शेवटची बस रात्री एकची.
मधले तास बाकड्यावर. ते फुकट.

कपडे अंगावरूनच न्यायचे:
तीन स्वेटर, वर त्याच्या बापाचा गोदीतला कोट.
खिशांत चार्जर, सँडविचं, तिच्या गोळ्या
मावतात का बघायला
तो सगळं चढवून उभा राहतो,
फुगलेला, घामाघूम,
हात खाली येत नाहीत.

ती हसते.
मार्चनंतर पहिल्यांदा असं,
ओट्याला धरून, खाली बसत.
कांदा करपतो.