ढील

टॉवेलला दोन ताणे असतात.
खालच्या बीमचा ताठ, बोट लावलं तर वाजेल असा.
वरच्याला मुद्दाम ढील देतात,
त्या ढिलातून लूप उठतात
आणि पाणी पितात ते लूपच.
हे मला मल्लेशम जॉबरनं सांगितलं,
माझ्या नोकरीच्या बाविसाव्या वर्षी,
तेही रागानं.

त्या मार्चात पुण्याहून सल्लागार आला होता.
पोत्यांवरची धूळ बोटानं पुसून म्हणाला,
हे सूत नाही, झोपलेला पैसा आहे.
शेठना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.
तीन व्यापाऱ्यांतला एक ठेवला, कोइमतूरचा, सगळ्यात स्वस्त.
इचलकरंजीच्या दानोळेंचा फोन मी उचलेनासा झालो.
गोदाम इतकं मोकळं झालं
की जेवणाच्या सुट्टीत पोरं तिथं क्रिकेट खेळायची.

मग संप. ट्रक विजापूरच्या पलीकडे चार दिवस उभा.
दवाखान्याचे नऊ हजार टॉवेल, तारीख शनिवार.
अक्कलकोट रोडवर सगळ्यांचे माग खडखडत होते,
आमच्या शेडमध्ये फक्त पंखे.
दानोळेंना फोन लावला.
"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. ओळखलं होतं, तरी विचारलं.

संध्याकाळी इरण्णा बिराजदारच्या फाटकाशी उभा राहिलो,
पलीकडच्या गल्लीतला स्टोअरकीपर,
पंधरा वर्षं आम्ही एकमेकांचे कामगार पळवलेले.
त्यानं कडक भाकरी मोडून अर्धी पुढं केली.
"चाळीस पोती आहेत. पण सोळा नंबर, तुमचं वीस."
"चालवतो," म्हणालो.
चालवणार मल्लेशम होता.

रात्रभर तो मागांखाली होता.
चाकं बदलली, लूप जरा आखूड केला,
नागमणी आणि तिची जाऊ कंदिलासारखा मोबाईल धरून
एकेक टोक सांधत बसल्या.
पहाटे तो बाहेर आला, कानात, भुवयांत कापूस,
"वदुलु, साहेब, वदुलु!
मागाला ढील लागते हे पोराला कळतं,
तुमच्या गोदामाला कशी नाही लागत?"

टॉवेल गेले. थोडे खरबरीत होते.
कुणी तक्रार केली नाही, किंवा अजून केलेली नाही.

आता गोदामात क्रिकेट बंद आहे.
दानोळे दर महिन्याला पाचच पोती पाठवतात,
महाग, आणि बिलावर एक शब्द जास्त नाही.
इरण्णाची चाळीस पोती माझ्या वहीत अजून देणं आहेत.
परवा विचारलं, कधी पाठवू?
म्हणाला, राहू दे की.