एक पुंगळी कमी

दनाओच्या आमच्या शेडमध्ये
नांग पर्पेतुआ आल्या,
पिस्तूल जेवणाच्या डब्यासारखं टेबलावर ठेवलं
आणि म्हणाल्या,
"दर सातव्याला धड गिळत नाही, धड थुंकत नाही."

बासष्टीला पुढची माशी धूसर दिसायला लागली,
म्हणून शहरातल्या कुणाकडून तरी
काचेतला लाल ठिपका बसवून घेतला होता त्यांनी,
पुंगळी बाहेर पडते
नेमकी त्या खिडकीवर,
जाण्यायेण्याच्या वाटेवर छपरी टाकावी तसा.

तातायने पिस्तूल रिकामं आहे ना
ते तीनदा पाहिलं.
मग भिंग लावून काचेच्या बुडाशी
किती तरी वेळ.
काळ्या धातूवर पिवळा ओरखडा होता,
पितळेची लाळ.
"इथं डोकं आपटतं हिचं,
आणि माघारी घरात पडते."

मी मोबाईलवर चित्रण केलं,
संथ करून त्याच्यापुढे धरलं.
त्याने पाहिलं नाही.
चाळीस वर्षांत डावा कान गेलेला माणूस,
स्क्रीनवर त्याचा काय विश्वास बसणार!

तो आईची निळी चादर घेऊन मैदानावर आला.
नांगच्या उजव्या हाताला अंथरली,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
समोर लोखंडी पाट्या टणाटण पडत होत्या,
लोक वाहवा करत होते,
आणि हा त्यांच्याकडे पाठ करून
रिकाम्यांचा हिशेब मांडत होता:
चार पावलांवरच्या बऱ्या,
दोन पावलांवरच्या आळशी,
आणि ही
जी ना आत ना बाहेर,
स्लाईडच्या जबड्यात धुराड्यासारखी उभी,
ही आपली.

घरी आल्यावर एक्स्ट्रॅक्टरची पकड घट्ट केली.
इजेक्टरच्या नाकावर कानस.
तीन हात. फुंकर. अंगठा फिरवून पाहणं.
पुन्हा दोन हात.
शेवटचा हात तो नेहमी मला देतो,
म्हणजे बिघडलं तर माझं बिघडतं.

सातव्यावरून चाळिसाव्यावर आलो.
पण रविवारी स्पर्धा,
आणि चाळिसावी कधी येईल
ते घड्याळ थोडंच विचारणार.
"अजून केसभर घासू?" मी विचारलं.
"लोखंड उतरवता येतं, पोरी. चढवता येत नाही."
"मग काच हलवू."
यावर तो रागावला.
काच त्याने बसवली नव्हती,
तरी हलवणं त्याला हार वाटत होतं
कुणाची, देव जाणे.
तीन दिवस भात आम्ही न बोलता खाल्ला.

चौथ्या सकाळी शिकंज्यात
ॲल्युमिनियमची नवी पट्टी होती,
कडा अजून गरम.
काच आता डावीकडे कलंडलेली,
मान वाकडी करून ऐकणाऱ्या माणसासारखी;
त्याच्या चांगल्या कानासारखी, मी मनात म्हटलं.
नांगनी नाक मुरडलं.
"दिसायला काही खास नाही."
"तुम्ही ठिपका बघा," ताताय म्हणाला,
"पिस्तूल मी बघतो."

दोनशे गोळ्या.
एकही अडकली नाही.
पुंगळ्या एका रांगेत उडत गेल्या,
संध्याकाळच्या उन्हात
तळलेल्या दाण्यांसारख्या चमकत.
शेजारची पोरं डबा घेऊन धावली,
पण तातायने त्यांना थांबवलं
आणि गुडघे टेकून मोजायला बसला.

एकशे नव्व्याण्णव.

पुन्हा मोजल्या. गवत चाळलं.
चादर झटकली, आईच्या चादरीतून
एक मुंगळा पडला फक्त.
पिस्तूल उघडून आत बघितलं: रिकामं, स्वच्छ.
रात्री त्याने जेवण अर्धं टाकलं.
एक बाहेर आली नाही
किंवा बाहेर येऊन कुठेच पडली नाही,
दोन्ही त्याला सारखंच छळत होतं.

साडेदहाला नांगचा फोन आला.
शर्टाच्या खिशात सापडली,
चष्म्याच्या घडीत बसलेली.
"अजून दाखवीन तुला तिचा पिवळा डाग,
जपमाळेच्या मण्याला लागलाय,"
त्या हसत होत्या.

ताताय उजवा कान फोनला लावून ऐकत राहिला.
मग झाकलेला भात उघडला
आणि मला म्हणाला,
"खिसा शिवून घ्यायला सांग तिला.
आपल्याकडून काम झालं."