अनुसये, उद्या जाताना

आधी पोटभर जेव, अनुसये.
उपाशी गेलीस तर खुर्चीत चक्कर येईल
आणि दोष दाढेला देशील.
साखरेची गोळी घेतेस ते सांग,
रक्त पातळ करायची घेतेस तेही.
आणि मिश्रीची डबी आजच माझ्याकडे दे.
निदान आठवडाभर. नंतरचं नंतर बघू.

काळाचौकीला, गिरणीच्या वर.
गिरणी म्हणजे पिठाची, दुसऱ्या राहिल्यात कुठे.
जिन्यात पीठ सांडलेलं असतं, कठडा धर.
वर बसलं की पायाखाली घरघर लागते.
मला वाटलं होतं, ते सगळं माझ्यासाठीच चालू केलंय.
ते कुणाचे तरी गहू असतात.

डॉक्टरीण कोवळी आहे, पागधरे म्हणून,
हात मात्र मुरलेला. मी माणसाचे हातच बघते.
सुई टोचेल. टोचतेच.
मला टाळूतही दिली, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं;
तुझी दाढ खालची, तुझं ते वाचेल.
मग ओठ आपला राहत नाही.
बोट लावशील तर दुसऱ्याच बाईचा गाल,
गादीपाटाच्या कापडाचा.

आपल्याला वाटतं, उपटतील.
उपटत नाहीत गं. उसवतात.
जुन्या ब्लाउजची बाही मी काढते ना,
इकडून थोडी, तिकडून थोडी, कापड न फाडता,
तशी ती हलवत राहते, आत, बाहेर, परत आत.
दुखत नाही. जोर कळतो.
सगळाच्या सगळा जोर कळतो.
आणि एक आवाज होतो, कानात नाही, कवटीत,
ओली काटकी मोडावी तसा.
तेव्हा पायाची बोटं आवळ
आणि त्या गव्हांचा विचार कर.

मी डोळे उघडेच ठेवले होते.
शेवटी तिनं एक टाका घातला.
सुई वाकडी, दोरा काळा,
चिमट्यानं वेढे देऊन गाठ ओढली.
मनात म्हटलं, बरी आहे.
मग तिनं कात्रीनं दोरा कापला.

तुला ठाऊक आहे माझा तो दात.
वरचा, डावा, सुळ्याच्या अलीकडचा.
एकतीस वर्षं त्यानंच दोरा तोडला.
लग्नसराईत हात कोण रिकामा करणार?
खाच पडली होती त्याला, बारीक,
दोरा न बघता तिथे जाऊन बसायचा.
तुझ्या लग्नाचे अकरा ब्लाउज त्याच खाचेतून गेले.
शेवटी तडकला तोही तिथूनच, पार मुळापर्यंत.
मी म्हटलं, द्या मला. तिनं कागदात गुंडाळून दिला.
बॉबिनच्या डब्यात ठेवलाय. हसू नकोस.

कापूस पाऊण तास घट्ट चावून धर.
बोलायचं नाही; हे तुला सगळ्यात जड जाईल.
थुंकायचं नाही, नळीनं काही ओढायचं नाही,
चहा निवल्यावर.
रात्री उशीवर जुना टॉवेल घाल,
लाळ गुलाबी येते, घाबरू नकोस.
दुसऱ्या दिवसापासून मीठपाणी,
नुसतं तोंडात फिरवायचं, खळखळून नाही.
चार दिवसांनी ठणका वाढला, वास आला,
तर मला विचारत बसू नकोस, जिना चढ.

जिभेला काही सांगू नकोस, ती ऐकत नाही.
जाईल तिथेच, सारखी.

काल मी हुक लावत होते.
गाठ मारली, दोरा तोंडाशी नेला, ओढला,
तो ओठांतून तसाच परत आला,
ओला आणि अख्खा.
जराशी बसून राहिले.
मग पोरीला म्हटलं, छोटी कात्री दे गं.
ती म्हणाली, कुठे असते?
आणि खरंच, अनुसये,
मलाही ठाऊक नव्हतं.