इतर, तपशील द्या

दिल्लीचा फॉर्म शुक्रवारी उघडतो,
पंचायतीची वीज गुरुवारपासून गेलेली.
शनिवारी रात्री, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर
मी, सचिव, गावाची मालमत्ता भरत बसते.
प्रकार निवडा:
विहीर, गटार, पायवाट, स्मशानभूमी, शाळेची भिंत.

मानस नाही.

खाडीच्या तोंडाशी उभी लाकडी दारं,
भरतीला पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला उघडतात,
परिपत्रक लागत नाही त्यांना.
अमावास्येच्या उधाणात डावं दार गेलं
आणि मीठ पचवणारं म्हणतात ते कोरगूटसुद्धा
बारा दिवसांत पिवळं पडलं खाजनात.

राज्याचं खातं म्हणालं, निधी केंद्राचा.
मंत्रालयाचं पत्र म्हणालं, विषय राज्याचा,
आम्ही मार्गदर्शन करतो.
बांध कुळांच्या संघाचा, म्हणाले मामलेदार,
आणि जेवायला गेले.

ग्रामसभेला सतरा माणसं.
सरपंच पिएदाद पेन आपटत म्हणाली, लिही, इतर.
लिहिलं. तपशील द्या, शंभर अक्षरांत.
मी आधी विशेषणं काढली,
मग पणजोबा काढले, मग क्रियापदं.

मंगळवारी फोन. मंत्रालयातून. आवाज कोवळा:
"मैडम, ये मानस कौन है?
आदमी का नाम संपत्ति में नहीं आता."
वीस मिनिटं समजावलं. चंद्रही सांगितला.
तो गप्प झाला, मग म्हणाला,
"हमारे गाँव में भी नदी हर साल..."
आणि मागून कुणी त्याला हाक मारली.

पैसे आले नाहीत अजून.
मिंगेलनं, ज्याचा आजाही मानसकार,
आपल्या गोठ्याचं दार उपसून तिथं बसवलं.
आता पोर्टल विचारतं: कंत्राटदार कोण,
काम संपल्याची तारीख,
अक्षांश-रेखांशासह छायाचित्र.

मी बांधावर मोबाईल वर धरून.
उपग्रह सापडेस्तोवर भरती चढली.
फोटोत नुसती खाडी,
कोपऱ्यात मिंगेलची एक चप्पल.
"दार कुठंय यात?"
"पाणी आत आलं का?" त्यानं उलट विचारलं.
नव्हतं आलं. तेवढं मात्र
कुठल्याच रकान्यात मावेना.

अपलोड दाबलं. गोल फिरत राहिलं.
"आणि गोठ्याला काय लावलंस?"
"चादर," तो म्हणाला, "बायकोच्या माहेरची.
रविवारपासून बोलत नाही ती."